पाऊस पडला की बंद पडणारा प्रोग्राम: हास्केल, देवनागरी आणि लोकेल

"सर, घरी चालतंय की! सर्व्हरवरच कामून मरतंय?"

हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या पोरांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. नांदेडहून येतो, परभणीहून येतो, कधी अंबाजोगाईहून येतो. प्रोग्राम वेगवेगळे असतात, पण दुखणं बहुतेक वेळा एकच निघतं. कोडमध्ये कुठंतरी देवनागरी आहे आणि ज्या यंत्रावर प्रोग्राम चालतोय त्या यंत्राला देवनागरी येते असं कुणी सांगितलेलंच नाही. दरवेळी फोनवर अर्धा तास तेच समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. फंक्शनांची आणि संदेशांची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.

आधी माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो, कारण या दुखण्याचा स्वभाव त्यातून बरोबर कळतो.

रेणापूर तालुक्यातल्या एका शेतकरी गटासाठी मी छोटा प्रोग्राम लिहिला होता. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे असलेली सीएसव्ही फाईल रोज सकाळी यायची. मंडळाचं नाव रोमनमध्ये आणि पुढं मिलिमीटर. प्रोग्राम एकेक ओळ वाचायचा, यादी छापायचा, आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला असेल त्या मंडळापुढं शेऱ्यात ‘अतिवृष्टी’ असं लिहायचा. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीत, पहाटे सहाला लावून दिला. जून सगळा कोरडाच गेला, यादी रोज बिनबोभाट येत राहिली. मग एका रात्री पाऊस कोसळला, सोयाबीनच्या तासांत पाणी उभं राहिलं, आणि नेमकी त्याच सकाळी यादी तीन मंडळांवर येऊन थांबली. चौथं मंडळ अतिवृष्टीचं होतं.

तेव्हाच्या नियमानं पीकविम्यासाठी नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची. त्यातली अर्धी सकाळ मी फाईलमधले आकडे तपासण्यात घालवली. आकड्यांत काहीच चूक नव्हती. लॉगमध्ये एवढंच होतं:

एसटीडीआउट: कमिटबफर: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, कॅनॉट एन्कोड कॅरॅक्टर '\२३०९'

म्हणजे हे अक्षर बाहेर लिहिता येत नाही. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीत २३०९ हा क्रमांक ‘अ’चा. ‘अतिवृष्टी’मधला पहिला अ. कोरड्या दिवशी प्रोग्राम देवनागरीचं एकही अक्षर छापत नव्हता, म्हणून महिनाभर तो निरोगी दिसला. पाऊस पडला, ‘अ’ छापायची वेळ आली आणि तिथंच त्यानं मान टाकली.

आता कारण. जीएचसी हा हास्केलचा कंपायलर ६.१२ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९च्या डिसेंबरपासून, मजकूर वाचताना आणि लिहिताना यंत्राच्या लोकेलप्रमाणं (भाषा आणि लिपीच्या सेटिंगप्रमाणं) एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, ठरवतो. तुमच्या लॅपटॉपवर लोकेल यूटीएफ-८ चं, म्हणजे युनिकोडची सगळी अक्षरं लिहिता येणाऱ्या एन्कोडिंगचं असतं, म्हणून टर्मिनलवर सगळं गोड चालतं. क्रॉन मात्र तुमच्या लॉगिनच्या फायली वाचत नाही. साध्या डॉकर इमेजमध्येही (प्रोग्राम सर्व्हरवर चालवायच्या तयार डब्यात) बहुधा लोकेल लावलेलं नसतं. अशा ठिकाणी उरतं ते ‘सी’ लोकेल, आणि त्याला फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि साधी चिन्हं, एवढंच कळतं. १२७च्या पुढचं कुठलंही अक्षर त्याच्या दृष्टीनं चूक. देवनागरीचा पट्टा सुरूच होतो २३०४ पासून.

खात्री करायची असेल तर मेनच्या पहिल्याच ओळीत ‘जीएचसी.आयओ.एन्कोडिंग’ मॉड्यूलमधलं ‘गेटलोकेलएन्कोडिंग’ बोलवा आणि जे येईल ते छापा. टर्मिनलवर ‘यूटीएफ-८’ दिसेल. तोच प्रोग्राम क्रॉनमधून चालवलात तर लिनक्सवर बहुतेक ‘एएनएसआय एक्स३.४-१९६८’ असं काहीतरी दिसेल. घाबरू नका, ते आस्कीचंच जुनं मानकी नाव आहे. हे दोन निकाल वेगळे आले की निदान पक्कं. कोड तपासत बसण्याआधी ही एक ओळ टाकून बघा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

नव्या आवृत्त्यांत एररमधला आकडाही बरंच सांगून जातो. ‘कॅनॉट डिकोड बाइट सिक्वेन्स स्टार्टिंग फ्रॉम २२४’ असं आलं तर प्रोग्राम मराठी फाईल वाचताना अडलाय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन बाइट लागतात आणि त्यातला पहिला कायम २२४ असतो. ‘कॅनॉट एन्कोड कॅरॅक्टर’ आणि पुढं २३०४ ते २४३१ मधला आकडा आला तर तो मराठी लिहिताना अडलाय. जुन्या जीएचसीत हे आकडे दिसत नाहीत, नुसतं ‘इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स’ किंवा ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ एवढंच येतं.

पायथॉनवरून आलेली पोरं इथं हमखास चक्रावतात, आणि त्यांचं चुकत नाही. पायथॉननं २०१८ साली ३.७ आवृत्तीत ‘सी’ लोकेल दिसलं तर आपणहून यूटीएफ-८ धरायचं असं ठरवलं. जीएचसी तसं करत नाही. यंत्र सांगेल ते तो प्रामाणिकपणे मानतो.

उपाय कुठं करायचा

सगळ्यात झटपट उपाय म्हणजे क्रॉनच्या फाईलमध्ये वरच ‘लँग’ या लोकेल ठरवणाऱ्या व्हेरिएबलला ‘सी.यूटीएफ-८’ ही किंमत द्यायची. सिस्टिमडीची (लिनक्सवर मागं प्रोग्राम चालवत ठेवणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस असेल तर तिच्या एन्व्हायर्नमेंटच्या ओळीत द्यायची. यात दोन खाचखळगे आहेत आणि दोन्हींत मी लोकांना अडकलेलं पाहिलंय. पहिला असा, की मराठी आहे म्हणून काहीजण मोठ्या हौसेनं ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ लावतात. ते लोकेल त्या यंत्रावर तयार केलेलं नसेल तर काहीही न बोलता यंत्र पुन्हा ‘सी’वर येतं. ‘लोकेल -ए’ ही आज्ञा देऊन यादीत ते आहे का ते बघा, नसेल तर ‘सी.यूटीएफ-८’ बरं. दुसरा असा, की ‘एलसी_ऑल’ हे ‘लँग’वर मात करतं. सॉर्ट करायला सोपं जावं म्हणून बऱ्याच शेल स्क्रिप्टांत वरच ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ करून ठेवलेलं असतं. मग खाली तुम्ही ‘लँग’ला काहीही द्या, उपयोग शून्य.

पण प्रोग्राम उद्या दुसऱ्याच्या यंत्रावर जाणार असेल तर सगळा भरवसा यंत्रावर टाकू नये असं माझं ठाम मत आहे. मेनच्या सुरुवातीलाच ‘सिस्टिम.आयओ’मधलं ‘एचसेटएन्कोडिंग’ वापरून एसटीडीइन, एसटीडीआउट आणि एसटीडीएरर (मजकूर आत येण्याची, बाहेर जाण्याची आणि एरर छापण्याची वाट) या तिघांनाही ‘यूटीएफ८’ लावा. तिसरा विसरू नका. ‘फाईल सापडली नाही’ असा मराठी संदेश तुम्ही एसटीडीएररवर लिहायला जाल आणि तो संदेशच फुटेल, मग मूळ अडचण काय होती ते कधीच कळणार नाही. शिवाय ‘सेटलोकेलएन्कोडिंग’ही यूटीएफ८ करून टाका, म्हणजे नंतर उघडलेल्या फायलींनाही ते लागू होतं. हे सगळं एकाच फटक्यात करणारं ‘विथ-यूटीएफ८’ नावाचं पॅकेज आहे. त्यातलं ‘विथयूटीएफ८’ हे फंक्शन मेनच्या भोवती गुंडाळलं की झालं.

विंडोजवर कन्सोलच्या कोडपेजचा, म्हणजे तिथल्या एन्कोडिंगच्या सेटिंगचा, आणखी एक गुंता असतो. तिथं आधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा द्या, मग वरचं सगळं करा.

एक गोष्ट एवढ्यानंही सुटत नाही, ती म्हणजे फायलींची नावं. ‘लातूर.सीएसव्ही’ असं देवनागरी नाव कोडमध्ये लिहून फाईल उघडायला गेलात तर ‘सी’ लोकेलमध्ये ‘ओपनफाईल’च अडतं, कारण नावांसाठी वेगळं एन्कोडिंग असतं. त्यासाठी ‘सेटफाईलसिस्टिमएन्कोडिंग’ आहे. मी स्वतः फायलींची नावं रोमनमध्ये ठेवतो आणि मराठी आत ठेवतो.

फाईल वाचायची माझी आताची पद्धत अशी. ‘डेटा.बाइटस्ट्रिंग’नं फाईल नुसती बाइट म्हणून वाचायची. मग ‘डेटा.टेक्स्ट.एन्कोडिंग’मधलं ‘डिकोडयूटीएफ८’ घ्यायचं, आणि तेही नावाच्या शेवटी अपॉस्ट्रॉफी असलेलं, कारण ते ‘आयदर’ परत देतं, म्हणजे जमलं तर ‘राइट’ आणि फसलं तर ‘लेफ्ट’. ‘लेफ्ट’ आलं तर फाईल यूटीएफ-८ नाही हे जागच्या जागी कळतं. आत सगळीकडं ‘टेक्स्ट’ हा मजकुराचा प्रकार, आणि बाहेर पडताना ‘एन्कोडयूटीएफ८’ करून पुन्हा बाइट. लोकेलचा यात संबंधच येत नाही. टेक्स्ट पॅकेजच्या २.१ आवृत्तीपासून ‘डेटा.टेक्स्ट.आयओ.यूटीएफ८’ असं मॉड्यूलच मिळतं, ते हेच काम करतं. मात्र साधं ‘डेटा.टेक्स्ट.आयओ’ घेऊन "मी तर टेक्स्ट वापरलंय" असं समाधान मानू नका. त्यातलं ‘रीडफाईल’सुद्धा लोकेलच विचारतं. हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येकाच्या कोडमध्ये सापडतो.

चूक एकीकडं, एरर दुसरीकडं

नांदेडच्या एका विद्यार्थिनीनं फार शहाणपणानं ‘रीडफाईल’भोवती एरर पकडणारं ‘कॅच’ लावलं होतं. फाईल खराब असेल तर "कृपया फाईल तपासा" असं छापायचं आणि पुढं जायचं. तरी प्रोग्राम मरायचाच, आणि मरायचा तो खाली बेरीज छापणाऱ्या ओळीवर. तिनं दोन दिवस त्या बेरजेतच चूक शोधली.

साधं ‘रीडफाईल’ लेझी असतं. ते फाईल उघडतं, पण अक्षरं वाचत नाही. "लागतील तेव्हा वाचू" एवढं वचन देऊन ते परत येतं. ‘कॅच’ तिथं उभा असतो तेव्हा फाईल उघडली गेलेली असते, सगळं ठीक असतं, म्हणून तोही घरी जातो. पुढं बेरजेला खरोखर आकडे लागले की वाचन सुरू होतं, २२४ समोर येतो, आणि त्या वेळी पहाऱ्यावर कुणीच नसतं. म्हणून हास्केलमध्ये एररची जागा पाहून चुकीची जागा ठरवू नका. संदेशात ‘एचगेटकंटेंट्स’ हा शब्द असेल तर दुखणं वाचण्यात आहे, मग ते कुठल्याही ओळीवर का दिसेना.

याच लेझीपणाचं दुसरं रूप म्हणजे ‘डिलेड रीड ऑन क्लोज्ड हँडल’. ‘विथफाईल’च्या आत ‘एचगेटकंटेंट्स’ करून मजकूर बाहेर आणला की हे येतं, कारण वाचायची वेळ येईपर्यंत ‘विथफाईल’नं फाईल बंद केलेली असते. आणि तीच फाईल वाचून तिच्यातच परत लिहायला गेलात तर ‘रिसोर्स बिझी, फाईल इज लॉक्ड’. बाइटस्ट्रिंगच्या स्ट्रिक्ट वाचनानं हे तिन्ही एकदम जातात. त्या विद्यार्थिनीच्या कोडमध्ये आम्ही दोनच ओळी बदलल्या.

लोकेलचे नसलेले, पण तसेच दिसणारे घोटाळे

सगळ्यात आधी ‘प्रिंट’. जीएचसीआयमध्ये (ओळ टाइप केली की लगेच उत्तर देणाऱ्या जीएचसीच्या रूपात) "मराठी" टाकलं की \२३५०\२३५२\२३६६\२३३६\२३६८ असं येतं आणि नवखा माणूस समजतो की सगळं बिघडलं. काही बिघडलेलं नाही. ‘प्रिंट’ आधी ‘शो’ हे फंक्शन लावतं, आणि ‘शो’ १२७च्या पुढचं सगळं आकड्यांत लिहितं. माणसांसाठी छापायचं असेल तर ‘पुटएसटीआरएलएन’ वापरा. जीएचसीआयमध्ये कायमचं मराठी दिसायला हवं असेल तर ‘युनिकोड-शो’ पॅकेजमधलं ‘यूप्रिंट’ लावून घ्या.

दुसरा घोटाळा मात्र खरा घातक आहे, कारण तो एररच देत नाही. ‘डेटा.बाइटस्ट्रिंग.चार८’मधलं ‘पॅक’ प्रत्येक अक्षराचा खालचा एकच बाइट ठेवतं आणि बाकीचं फेकून देतं. २३०४ म्हणजे बरोबर नऊ गुणिले २५६, त्यामुळं देवनागरीचं प्रत्येक अक्षर आस्कीच्या कुठल्यातरी चिन्हावर जाऊन पडतं. ‘मराठी’चं होतं टिंब, शून्य, ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, मोकळी जागा आणि ॲटचं चिन्ह. ‘ठ’ची मोकळी जागा झाली की खरी मोकळी जागा कुठली आणि ‘ठ’ कुठला हे परत ओळखता येत नाही. ‘ओव्हरलोडेडस्ट्रिंग्ज’ ही जीएचसीची सोय चालू ठेवून बाइटस्ट्रिंगमध्ये थेट मराठी लिहिलंत तरी हेच घडतं. डेटाबेसमध्ये असली चिन्हं दिसायला लागली की लिहिणं तत्काळ थांबवा. मराठीसाठी चार८ला हातच लावू नका.

एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवलेल्या फाईलच्या अगदी सुरुवातीला ६५२७९ हे न दिसणारं अक्षर असतं. त्यामुळं पहिल्याच रकान्याचं नाव जुळत नाही आणि बाकी सगळे जुळतात. पहिलंच नाव रुसलंय असं दिसलं की हेच. उघडलेल्या फाईलच्या हँडलला ‘यूटीएफ८’ऐवजी ‘यूटीएफ८_बॉम’ लावलं की ते गळून पडतं. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून कृतीदेवमध्ये टाइप केलेली फाईल आली असेल तर तिच्यात देवनागरी नाहीच, रोमन चिन्हांवर देवनागरीचा पोशाख चढवलेला आहे. ती आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, नाहीतर वरचा एकही उपाय लागू पडणार नाही.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त छळलं ते. रकान्याचं नाव होतं ‘शेतकऱ्याचे नाव’. फाईलमध्येही तेच, कोडमध्येही तेच, पडद्यावर दोन्ही हुबेहूब. तरी ‘मॅप’मध्ये (नावावरून किंमत शोधायच्या यादीत) शोधलं की ‘नथिंग’, म्हणजे सापडलंच नाही. आपला हा ‘ऱ्य’ दोन रीतींनी टाइप होतो. एका कळफलकावरून ‘ऱ’, हलन्त, ‘य’ असा येतो, म्हणजे २३५३, २३८१, २३५१. दुसऱ्यावरून साधा ‘र’, हलन्त, मग जोडणारं अदृश्य अक्षर, मग ‘य’, म्हणजे २३५२, २३८१, ८२०५, २३५१. डोळ्याला दोन्ही एकच, हास्केलला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, करूनही हे दोन एक होत नाहीत. ‘र’ला वेगळा नुक्ता (खालचं टिंब) जोडून केलेला ‘ऱ’ मात्र त्यानं सुधारतो. म्हणून मजकूर आत घेतानाच मी टेक्स्टच्या ‘रिप्लेस’नं दुसऱ्या रूपाचं पहिलं रूप करून घेतो, आणि मगच एनएफसी. आणि हे सापडलं कशानं? ज्या ‘शो’ला पोरं शिव्या देतात त्याच ‘शो’नं. दोन शब्द सारखे दिसूनही जुळत नसतील तर दोन्ही ‘प्रिंट’ करा आणि आकडे समोरासमोर ठेवा. वऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, बाऱ्हाळी अशा नावांशब्दांनी भरलेल्या आपल्या डेटात हे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

रकाने सरळ रेषेत येत नाहीत ही तक्रार राहिली. ‘लेंग्थ’ अक्षरं मोजत नाही, कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचे क्रमांक, मोजतं. ‘लातूर’ पाच, ‘औसा’ तीन, ‘शिरूर अनंतपाळ’ मधल्या जागेसकट तेरा, आणि पडद्यावर दिसतात नऊच. ‘डेटा.चार’मधलं ‘इजमार्क’ वापरून मात्रा आणि अनुस्वार वगळून मोजलं तर लातूरच्या दहाही तालुक्यांची नावं रांगेत येतात. जोडाक्षरं आली की तेही चुकतं, मग ‘टेक्स्ट-आयसीयू’ हे पॅकेज घ्यावं लागतं. साध्या यादीसाठी मी टॅब टाकून देतो आणि रकाने लिब्रेऑफिसवर सोडतो.

आमच्या पावसाच्या प्रोग्रामचं काय झालं ते सांगून थांबतो. आधी क्रॉनमध्ये एक ओळ टाकून त्याच दिवशी दहाच्या सुमारास यादी काढली आणि गटाला दिली. मग संध्याकाळी बसून वाचणं-लिहिणं सगळं बाइटस्ट्रिंगवर नेलं. तेव्हापासून चाचणीच्या फाईलमध्ये सगळ्यात वर एक खोटं मंडळ ठेवलंय, पाऊस ६६ मिलिमीटर. चाचणी मी मुद्दाम ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ करून चालवतो. शेऱ्यात ‘अतिवृष्टी’ नीट उमटलं तरच नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढतो.